पाटी कोरी नव्हती

२ ऑक्टोबर २००४, लीड्स

ही डायरी मामीने दिली. औषधाच्या कुठल्याशा कंपनीची आहे, दोन वर्षांपूर्वीची, पण आत एक अक्षर नाही. मी म्हटलं, "मामी, वर्ष जुनं आहे." ती म्हणाली, "कागद कुठं शिळा होतो?" तेव्हा छापलेल्या तारखा खोडायच्या आणि वर आपल्या घालायच्या. तशीही मी रोज लिहिणार नाही. रोज मी काहीच करत नाही. बाबांनी ते फार आधी ओळखलंय. बी.ए. दीड वर्ष, टायपिंग चार महिने, पार्लरचा कोर्स अकरा दिवस.

सोडली नाही ती एकच गोष्ट, गिटार. अजनीच्या रेल्वे कॉलनीत शेजारी पॅट्रिक अंकल राहायचे, मालगाडीचे गार्ड. ड्यूटीवरून आले की बनियनवर अंगणात बसायचे आणि अमेरिकेतल्या आगगाड्यांची, धुळीच्या रस्त्यांची, वाया गेलेल्या नवऱ्यांची गाणी म्हणायचे. कंट्री म्यूझिक. त्यांच्याकडून मी तीन कॉर्ड शिकले. चौथी त्यांनाही येत नव्हती.

व्हिसा वर्किंग हॉलिडेमेकरचा, दोन वर्षांचा. फिरा, पोटापुरतं काम करा, मग आपल्या घरी जा. हा व्हिसा माझ्याकडे बघूनच काढलेला दिसतो.

मुरलीधरमामा इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस होते, यंदाच रिटायर झाले. मामी त्याच हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये शिवते. चादरी, पडदे, गाऊन. जे म्हातारे पेशंट महिनोन् महिने राहतात त्यांच्या स्वेटर-झग्यांवर नावाच्या पट्ट्या शिवायचं कामही तिचंच. नाहीतर धुलाईत एकाचा स्वेटर दुसऱ्याच्या अंगावर जातो. तिच्या बिल्ल्यावर 'लता' लिहिलंय. हे नाव मी इथे येऊन पहिल्यांदा वाचलं. मामा तिला 'प्रबुद्धची आई' म्हणतात, बाकी सगळे मामी नाहीतर काकू.

मला तिथल्याच किचनमध्ये लावलंय. सरकत्या पट्ट्यावर ट्रे येतात, मी प्रत्येकात जेली ठेवते. दिवसाला सहाशे जेली. लाल आणि हिरवी.

२३ ऑक्टोबर

आज काहीतरी झालं. नीट लिहिते.

ओटलीला एका पबच्या माडीवर फोक क्लब भरतो. पंचवीस-तीस माणसं, माइक नाही. बोलावलेला गायक असतो, पण त्याच्या आधी कुणीही दारात नाव सांगून दोन गाणी म्हणू शकतं. त्याला फ्लोअर स्पॉट म्हणतात. धृपद आलं की सगळी खोली आपली आपण गायला लागते. कुणी सांगावं लागत नाही.

मी नाव दिलं. क्लब चालवते ती मॉरीन. तीस वर्षं टपाल वाटलंय, आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पहिलं मी माझं इंग्रजी गाणं म्हटलं, अजनीच्या लोको शेडवरचं. टाळ्या पडल्या, पण लहान मुलाने दात घासल्यावर देतात तशा. मग मॉरीन म्हणाली, "तुमच्याकडचं काही येतं का गं?"

 तोंडात आलं ते 'उजेड घे'. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाची पोरगी दहावी झाली तरी हेच गाणं.

उजेड घे गं, उजेड घे,
पदरात थोडा उजेड घे,
शाळेच्या वाटेवर अंधार पडे,
जाताना थोडा उजेड घे.

दुसऱ्यांदा धृपद आलं आणि ती सगळी गोरी म्हातारी माणसं गायला लागली! 'उजेड'चं 'ऊजेऽड' झालं होतं, पण सूर असा लागला की काच थरथरली. मी गिटार थांबवली. ते थांबले नाहीत.

मॉरीनने वहीत लिहायला विचारलं, "कुणाचं गाणं?"

मी म्हटलं, "कुणाचं नाही. सगळ्यांचं."

"म्हणजे ट्रॅडिशनल," ती म्हणाली आणि तसं लिहिलं. ज्या गाण्याचा कर्ता ठाऊक नाही त्याला इथे ट्रॅडिशनल म्हणतात. फार मानाचा शब्द आहे. तिथल्या निम्म्या गाण्यांवर तोच लागतो, तीनशे वर्षं जुनी असतात. आमचं गाणं त्यांच्या रांगेत जाऊन बसलं. परत येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

२४ ऑक्टोबर

सकाळी घरात सांगितलं. मामांनी चहा टाकला आणि थेट माळ्यावरून ढोलकी काढली. इकडे येण्याआधी नागपूरला ते नवउजेड कलापथकात ढोलकीवर होते हे मी फक्त ऐकलं होतं. "आमच्या पार्टीचंच गाणं ते! गावोगाव केलं आम्ही, एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर!" ओल्या हवेने ढोलकी उतरली होती. हीटरवर धरून शेकली आणि वाजवली.

प्रबुद्ध, त्यांचा इथेच जन्मलेला मुलगा, मोबाइलच्या दुकानात आहे, माझ्याच वयाचा. वरून ओरडला, "आज संडे आहे! माझी झोप झाला नाही!"

"झाली नाही," मामा म्हणाले.

"तेच सांगतो. झाला नाही."

मी गाणं म्हटलं. पहिलं कडवं:

मायनं विकली पायांतली जोडवी,
पाटी आणली कोरी,
पहिलं अक्षर काढून हसली
मायची लाडकी पोरी.

मामी पोळ्या लाटत होती. मागे न बघता म्हणाली, "पाटी कोरी नव्हती."

"मग?"

"फुटकी होती. एका कोपऱ्याला. जुन्या बाजारातली."

मी हसले. "मामी, फुटकीला यमक काय जुळणार?"

तिने पोळी तव्यावर टाकली. मामांनी ढोलकी जरा जोरातच वाजवली.

मामीला गाण्यातलं काही कळत असेल असं वाटलं नव्हतं. जुन्या लोकांना जुन्या गोष्टी आठवतात, झालं.

१५ जानेवारी २००५

तीन महिने लिहिलं नाही कारण मी गात होते. ओटली दोनदा, हेब्डन ब्रिज, स्किप्टन, व्हिटबीला एकदा समुद्रासमोरच्या हॉटेलात. आता फ्लोअर स्पॉट नाही. व्हिटबीला दाराच्या पाटीवर खडूने माझं नाव होतं, दीक्षा मेश्राम, 'मेश्राम'मधला एक 'म' खाल्लेला. फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांचं उत्तर: परीक्षेचा फॉर्म अजून भरता येतो.

मी इंग्रजीत नवीन चार गाणी केलीत. जेलीवर एक आहे, लोक फार हसतात. पण शेवट 'उजेड घे'नेच करावा लागतो. न केला तर ओरडतात.

मामी कामावरून येते तेव्हा तिच्या एप्रनच्या खिशात लाँड्रीच्या पावत्या असतात, पाठकोऱ्या. त्यांच्यावर ती काहीतरी लिहिते आणि बिस्किटाच्या डब्यात टाकते. डबा फ्रिजवर. आज विचारलं, वाणसामान का? "तसंच," म्हणाली. मग मी तिला सांगितलं, बटाटे संपलेत, तेही लिहा.

५ मार्च

मी मूर्ख आहे हे इथे लिहून ठेवते.

काल कार्लाइलला गायचं होतं. गाडी सेटलवरून जाते. खिडकीतून डोंगर, त्यावर दगडी कुंपणं, बर्फ, आणि मधोमध एक बाई पाठीवर मेंढी घेऊन चाललेली. पुढच्या स्टेशनला उतरले. बाई सापडली, मेंढी अडली होती, मी टॉर्च धरला, दोन कोकरं झाली. पुढची गाडी गेली. कार्लाइलला माझ्याजागी दुसऱ्या कुणीतरी गायलं.

मॉरीन फोनवर म्हणाली, "हे बघ, कोकरं काय, वर्षाला होतात. तुझ्यासाठी चाळीस लोक खुर्च्या मांडून बसले होते." रागावली नव्हती, त्यानेच जास्त लागलं. दहा मिनिटांनी परत फोन केला आणि विचारलं, "कोकरं जगली ना?"

कोकरांवर गाणं होणार. चौथी कॉर्ड लागेल त्याला.

४ जून

मॉरीनच्या भावाने, डेरेकने, हॅलिफॅक्सला त्याच्या गॅरेजमध्ये माझी सीडी रेकॉर्ड केली. त्याची छोटी कंपनी आहे. कंपनी म्हणजे तो आणि त्याचा कुत्रा. अकरा गाणी, दोन दिवसांत. पाचशे प्रती निघणार, पुठ्ठ्याच्या साध्या कव्हरात. सप्टेंबरात ओटलीच्या मोठ्या फोक महोत्सवात, शनिवारी दुपारी, मोठ्या तंबूत माझा अर्धा तास. तिथे सीडी बाहेर येणार. अर्धा तास! हे वाक्य मी चारदा वाचलं.

सीडीचं नावही 'उजेड'. डेरेकला अर्थ सांगितला. त्याने गॅरेजचा दिवा लावून दाखवला. मी म्हटलं हो, हाच.

मग त्याने कागद पुढे केला. प्रत्येक गाण्यापुढे कर्त्याचं नाव. दहा ठिकाणी दीक्षा मेश्राम लिहिलं. दहा वेळा स्वतःचं नाव लिहायला किती बरं वाटतं! अकराव्याला लिहिलं, ट्रॅडिशनल, नागपूर.

घरी आल्यावर जेवताना सगळं सांगितलं. मामीने विचारलं, "त्या गाण्यापुढं काय लिहिलं तू?"

"ट्रॅडिशनल."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणा एकाचं नाही. लोकांचं. फार जुनं. कुणी केलं ते हरवलेलं असतं."

"हरवलेलं," मामी म्हणाली. "बरं."

मामा ताटात बघत होते. मग मामीने माझ्या वरणात मीठ घातलं, जे तिने आधीच घातलं होतं. तिला मोतीबिंदू तर होत नाहीये ना? प्रबुद्धला सांगायला हवं, डोळ्यांची अपॉइंटमेंट घे म्हणून.

२० ऑगस्ट, एडिनबरा

फ्रिंज नावाच्या इथल्या मोठ्या नाट्यमहोत्सवाच्या गर्दीत रस्त्यावर आठवडाभर गातेय. येताना बेरिकला उतरले होते, पुलाखाली हंस होते म्हणून. पण या खेपेला फक्त दोन तास. सुधारतेय.

इथे एक गंमत झाली. काल एका जपानी मुलीने 'उजेड घे'चं धृपद माझ्याबरोबर म्हटलं. कुठे ऐकलंस? म्हणाली, ग्लासगोच्या एका क्लबात कुणीतरी गायलं, भारतातलं ट्रॅडिशनल आहे म्हणून. म्हणजे गाणं माझ्या पुढे चाललंय! मी तिला कॉफी पाजली. इतका अभिमान मला स्वतःच्या गाण्यांचाही वाटला नाही.

डेरेकचा निरोप: कव्हरं छापून आली. सुंदर झालीत.

११ सप्टेंबर, स्टॅनमोर



लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला, आपल्या लोकांच्या एका घरी कार्यक्रम होता. तळघरात बुद्धवंदना, मग जेवण, मग माझं गाणं. बरेचसे नागपूर-पुण्याचे सॉफ्टवेअरवाले, पोरंबाळं. एकाची आई, वैजयंतीबाई, तीन महिन्यांसाठी आलेली. नागपूरची, आमच्याच बाजूची. आरामखुर्चीत पायांवर शाल घेऊन बसली होती. मी कुणाची कोण, ते तिने आल्या आल्या विचारून घेतलं होतं.

मी 'उजेड घे' म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. मी सीडी दाखवली, सांगितलं, आपलं पारंपरिक गाणं आता यॉर्कशरमध्ये म्हणतात. टाळ्या.

वैजयंतीबाईने हात वर केला. "पोरी, पारंपरिक कशाचं? हे रामटेक्यांच्या लताचं गाणं नाही का?"

"कुठली लता?"

"कुठली काय विचारून राहिली? तुझी मामीच नं ती! मुरलीधरची बायको. आम्ही दोघी एका बाकावर होतो. तिच्या मायने जोडवी विकली, तेव्हा मी तिथंच होती. पाटी आणली ती कोपऱ्याला फुटकी. लता आठवडाभर रडली, मग त्या पाटीवर गाणंच केलं, पुढं कॉलेजात असताना."



"शेवटचं कडवं कुठं गेलं?" बाई म्हणाली. "त्यात नाव होतं तिचं. आपल्याकडे शेवटी नाव घालतेत नं, कवी आपलं."

"मला तीनच कडवी येतात."

"तीनच ठेवली त्यांनी. कलापथकाने उचललं गाणं, आवडलं सगळ्यांना. मग तिचं लग्न झालं मुरलीधरशी. मोठी माणसं म्हणाली, घरची सून, तिचं नाव स्टेजवरून गावोगाव घेणं बरं दिसत नाही. कडवं गेलं. आणि फुटकी पाटीही गेली. आपली गरिबी कशाला दाखवता, म्हणे. कोरी करा." बाई शाल ओढत हसली. "पोरींनी शिकावं म्हणून गाणं, अन् पोरीचंच नाव नको!"

मला आधी मामांचा राग आला. मग एकदम ती पोळपाटाशी पाठमोरी उभी दिसली. पाटी कोरी नव्हती. मी तिला म्हटलं होतं, यमक काय जुळणार.

मी तिला म्हटलं होतं, बटाटे लिहा.

१२ सप्टेंबर, लीड्स

पहिल्या गाडीने आले. कुठेही उतरले नाही.

मामा-मामी जेवायला बसत होते. मी बॅगही खाली ठेवली नाही. "मामी, 'उजेड घे' तुमचं आहे?"

मामी म्हणाली, "हात धुऊन घे."

"आहे का नाही?"

मामांनी घसा साफ केला. "ते पार्टीचं गाणं होतं, दीक्षा. तेव्हा असं माझं-तुझं नव्हतं. चळवळीचं होतं सगळं."

"पण शाहिरांचं नाव असायचं ना त्यांच्या गाण्यांत?"

"असायचं."

"आणि मामींचं काढलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी ढोलकी वाजवत होतो, बाई."

"म्हणून ऐकू नाही आलं?"

प्रबुद्ध जिन्यात उभा होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "आई, तू गाणी लिहितो? गाणी?"

"लिहिते," मामा म्हणाले, सवयीने. आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं की आपण काय बोललो. चेहरा असा झाला की मला पुढचं बोलवेना.

मी फ्रिजवरचा डबा काढला. मामी उठली, पण अडवलं नाही. आत लाँड्रीच्या पावत्या, शेकड्याने. एक वाचली. वॉर्डातल्या एका म्हातारीवर, जिच्या झग्यावर नाव शिवताना ती विचारते, हे कुणाचं नाव? दुसरी बर्फात पडलेल्या हातमोज्यावर. एकीवर खरंच बटाटे होते, माझ्या सांगण्यावरून. बाकी सगळी गाणी. तीस वर्षांची.

"मामी, तेव्हा जूनमध्ये मला का नाही सांगितलं? मी हरवलेलं म्हटलं तेव्हा?"

"काय सांगू? तू इतकी खूश होती." तिने डबा माझ्या हातून घेतला, झाकण लावलं. "गाणं चाललंय नं? तू नेलं, गोऱ्यांनी म्हटलं. पुष्कळ झालं. आता बस, भात गार होऊन राहिला."

डेरेकला फोन केला. म्हणाला, नवीन कव्हरं तीन आठवड्यांशिवाय नाहीत. महोत्सव पाच दिवसांवर. स्टेजवरून सांग ना सगळ्यांना. मी म्हटलं, स्टेजवर सांगितलेलं ऐकणारे तेवढेच. ज्याच्या घरी सीडी जाईल तो ट्रॅडिशनलच वाचणार. तो म्हणाला, मग पुढच्या खेपेला दुरुस्त करू. पुढच्या खेपेला! मामीची पुढची खेप तेहतीस वर्षं झाली, आलेलीच नाही.

मी ठरवलंय. नाव नसेल तर ही सीडी तंबूत विकायची नाही. अर्धा तास गाईन, सीडी डेरेकच्या गॅरेजमध्ये कुजू दे. इतकी वर्षं मी सगळं अर्धवट सोडलं, पण सोडताना एवढं कधी दुखलं नव्हतं.

मामीला सांगितलं. ती म्हणाली, "येडी आहेस का? वर्षभर राबली तू त्याच्यापायी."

"तुमच्या नावाशिवाय नाही."

तिने ताटं उचलली. मग शिवणाचा चष्मा पुसायला लागली.

१४ सप्टेंबर

मामी कामावरून आली, कोट काढला, पिशवीतून एक गुंडाळी काढून टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला गेली. 

लिनन रूममधली नावाची पट्टी. पांढरी फीत, लाल विणलेली अक्षरं. तीच पट्टी, जी पेशंटांच्या स्वेटरवर लागते. वर नाव, खाली वॉर्ड. त्या मशीनला दोन ओळी लागतातच, वॉर्डची जागा रिकामी सोडता येत नाही.

वर होतं: लता. खाली, वॉर्डच्या जागी: नागपूर.

पाचशे वेळा. एकामागे एक, इंग्रजी अक्षरांत.

"सुपरवायझरला विचारलं," आतून मामी म्हणाली. "तीस वर्षं लोकांची नावं शिवून राहिली मी. म्हटलं, एकदा माझं काढू का? ती म्हणाली, लता, घे की."

मी तोंडावर हात धरला. प्रबुद्ध गाडी काढून हॅलिफॅक्सला गेला आणि पाचशे कव्हरं घेऊन आला.

१५ सप्टेंबर

पुठ्ठ्याला सुई जाते, पण बोट दुखतं. मी एका तासात नऊ शिवली, त्यांतली चार वाकडी. प्रबुद्धने दोन, आणि एक स्वतःच्या बाहीला. मामी आमच्याकडे बघून कपाळाला हात लावत होती.

मामा दारात उभे होते. मग आत आले, चष्मा लावला, शेजारची खुर्ची ओढली. सुई घेतली, दोरा ओवला. ऑपरेशन थिएटरमधला हात, टाका पडला तो असा सरळ की मामीनेही मान वर केली.

"किती वेळ बघून राहिले तुम्ही दारातून," ती म्हणाली.

"तेहतीस वर्षं," मामा म्हणाले.

 बरोबर 'ट्रॅडिशनल' या शब्दावर पट्टी ठेवायची आणि चारी बाजूंनी टाके घालायचे, हे त्यांनीच ठरवलं. खाली काय छापलंय ते दिसता कामा नये, म्हणाले. त्यांनी एकट्याने दोनशेच्या वर शिवली. मी मोजत नव्हते, मामी मोजत होती.

मी शेवटचं कडवं विचारलं. शनिवारी म्हणते ना, सांगा. मामी म्हणाली, "विसरली मी."

खरंच विसरली असेल. तेहतीस वर्षं म्हणजे काय कमी आहेत?

१७ सप्टेंबर, ओटली

शनिवार. सीडी सगळ्या गेल्या का ते ठाऊक नाही, डेरेकला विचारायचं सुचलं नाही. त्याआधीचं लिहिते.

तंबू भरलेला. चारशे तरी असतील. तिसऱ्या रांगेत मामा, प्रबुद्ध, आणि मामी. मामीने निळी काठाची साडी नेसलेली, वर हॉस्पिटलचा कोट. मामांच्या मांडीवर ढोलकी. मॉरीनने त्यांना वर बोलावलं, ते म्हणाले इथूनच वाजवतो, इथंच बरं.

जेलीचं झालं, कोकरांचं झालं, लोको शेडचं झालं. आता लोक टाळ्या देतात त्या दात घासल्याच्या नसतात. मग मी म्हटलं, पुढचं गाणं ट्रॅडिशनल नाही. मी वर्षभर तुम्हाला खोटं सांगितलं, कारण मी विचारलंच नव्हतं. हे गाणं एका मुलीने केलं, तिच्या पहिल्या पाटीवर. ती मुलगी इथल्या हॉस्पिटलात तुमच्या आयांच्या स्वेटरवर नावं शिवते.

सुरू केलं. धृपद चारशे लोकांनी उचललं. आणि मी, इतकं सगळं ठाऊक असून, सवयीने म्हणून गेले:

पाटी आणली कोरी...

"फुटकी!"

तिसऱ्या रांगेतून. मामीचा आवाज. पोळ्या लाटतानाचा नाही, मी कधी न ऐकलेला. अख्खा तंबू मागे वळला. ढोलकी थांबली.

मी गिटारवर हात ठेवला. "मामी, मग पुढे कसं?"

ती बसूनच होती. मामा तिच्याकडे वळले. हळूच म्हणाले, पण तंबूत इतकी शांतता होती की मला स्टेजवर ऐकू आलं.

"ऊठ, लता."

आणि मामी उठली. कोट खुर्चीवर ठेवला आणि म्हटलं:

मायनं विकली पायांतली जोडवी,
पाटी आणली फुटकी,
ओळ काढली पोरीनं तीवर,
सरळ आणि नेटकी.

जुळत होतं. किती छान जुळत होतं. मी मागे नुसती तीन कॉर्ड वाजवत राहिले, आणि मामा ढोलकी. तिचा सूर म्हातारा झालाय, वर जाताना फाटतो, पण ती थांबत नव्हती. तिसरं कडवं संपलं. मी धृपदाकडे वळणार तेवढ्यात तिने हात केला, थांब. विसरली वगैरे काही नव्हती.

लता म्हणे, मी लिहिलं थोडं
फुटक्या पाटीवर,
उरलं ते तू लिही गं पोरी,
तुझ्या वाटेवर.

मग धृपद. 'ऊजेऽड घे.' सगळा तंबू उभा होता. मॉरीन कडेला उभी राहून टपालवालीच्या आवाजात गात होती आणि रडत होती. मी गात नव्हते. माझ्या कार्यक्रमातला सगळ्यात चांगला भाग मी नुसता ऐकला.

नंतर टेबलाशी रांग लागली. सीडी माझी, पण लोक मामीपुढे उभे. काठी टेकत आलेल्या एका बाईने कव्हर तिच्यासमोर धरलं, त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, शेवटी काय म्हणालात तुम्ही, त्याचा अर्थ काय?

मामीने प्रबुद्धकडे बघितलं. त्याने बाईला इंग्रजीत सांगितलं, आणि मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "माझी आई म्हणते, हा गाणं तिची आहे."

कुणी सुधारलं नाही.

बाईने पेन पुढे केलं, इथे सही करा. मामीने पेन उघडलं. पट्टीखाली जागा होती, तिथे तिने नाव लिहिलं, मराठीत, सावकाश. ओळ सरळ आणि नेटकी आली. मग तिने ते जरा लांब धरून बघितलं, जशी ती शिवलेला स्वेटर बघते, नाव पक्कं बसलंय ना.